बंदीचा हुकूम न काढता

सीमाभागातल्या शाहिरीचा आवाज कोणी दाबला, असे विचारले की बहुतेक जण मोरारजी देसाईंचे नाव घेतात. त्यात तथ्य आहे. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात, मोरारजी गृहमंत्री असलेल्या मुंबई सरकारने त्या पथकाला व तमाशाला लगाम घातला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे या बडग्याची हद्द निपाणी-खानापूरपर्यंत पोचत होती. पण अशा बंदीला तारीख असते, सही असते, तिची टर उडवता येते. अण्णा भाऊंनी तोच ऐवज लोकनाट्य म्हणून पुन्हा फडावर आणला. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले. त्यानंतर जी मुस्कटदाबी चालली, तिच्यासाठी कुणाला हुकूम काढावाच लागला नाही, आणि म्हणूनच ती जास्त टिकली, असे माझे म्हणणे आहे.

हे समजायला फड आणि आकाशवाणी यांतला फरक पाहावा लागतो. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड वरवर पाहता मुंबईला पोट भरायला आलेल्या गड्याची विरहकथा; पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ती ऐकणाऱ्याला मैना म्हणजे तोडलेला मुलूख, हे सांगावे लागत नसे. सभेत हलगी शेकून ताणली जाते, तुणतुणे जुळते, झीलकरी मागे उभे राहतात आणि शाहीर समोरची गर्दी, कडेचे पोलीस पाहून ओळ फिरवतो. तपासायला कागदच नाही. आकाशवाणीवर याच्या उलट: आधी स्वरचाचणी, मग करारपत्र, मग गाण्याची संहिता साहेबाच्या टेबलावर. पुढे आकाशवाणीने जी आचारसंहिता स्वीकारली, तिने केंद्रावर किंवा कोणत्याही राज्यावर शत्रुत्वाच्या भावनेने केलेली टीका वर्ज्य ठरवली. आता सीमाप्रश्नावरचा पोवाडा कोणत्याही राज्याला न दुखावता कसा रचायचा? गंमत अशी, की घटनेत बदल मागायला त्याच संहितेने, मार्ग सनदशीर असेल तर, आडकाठी केलेली नाही. आणि राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तर घटनेच्या तिसऱ्या कलमानेच संसदेला दिला आहे. म्हणजे मागणी वैध, तक्रार अवैध. तक्रारीवाचून मागणी करणारा शाहीर अजून जन्मायचा आहे.

यावर कोणी म्हणेल, मराठी माणसाच्या कानावर मराठी पडत नव्हते का? पडत होते. ध्वनिलहरींना चेकपोस्ट नसतो. 1963 मध्ये सांगली केंद्र सुरू झाल्यावर तर निपाणीला मराठी कार्यक्रम हाकेच्या अंतरावरून येऊ लागले. शाहीर साबळे यांनी गायलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ घराघरांत गेले. पण सांगलीचा अधिकारी काय किंवा धारवाडचा काय, दोघांच्या हातात तीच संहिता. गौरवगीताला रस्ता मोकळा, फिर्यादीला फाटक बंद. भाषा पोचली, प्रश्न मात्र दाराबाहेर राहिला. उघड बंदीचे काय होते, ते 1976 मध्ये दिसले. आणीबाणीत सरकारी कार्यक्रमात गायला किशोरकुमारने नकार दिला, तेव्हा आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून त्याची गाणी गायब झाली. पण ती बंदी डोळ्यांवर आली, उठली, आणि आणीबाणीच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाह आयोगापुढे निघाली. ज्याचे नाव कोणत्याच काळ्या यादीत नव्हते, त्या सीमाभागातल्या शाहिराने कुठल्या आयोगापुढे जायचे?

याहून वजनदार आक्षेप शांततेचा. बेळगावात भाषेवरून माथी भडकतात, तेव्हा आकाशवाणीने आणि दूरदर्शनच्या पडद्याने जपून असावे, हे मला पूर्ण नाकारता येत नाही. मात्र इतिहास काय दाखवतो? जानेवारी 1956 च्या गोळीबारात बेळगाव-निपाणीत माणसे पडली, ज्यांच्यासाठी आजही 17 जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात, तेव्हा मुंबईतसुद्धा दूरदर्शन नव्हते. ते 1972 मध्ये आले. जून 1986 मध्ये कन्नड सक्तीविरुद्धचे आंदोलन पेटले, पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हाचे दूरदर्शन तर सरकारच्याच मुठीत होते. सीमेवरच्या पोवाड्याने ही आग लावली, असे म्हणायला तो पडद्यावर असायला तरी हवा होता.

खासगी वाहिन्या आल्या तेव्हा हे सारे मागे पडेल असे वाटले. पण 1995 च्या केबल कायद्याचे 19 वे कलम वाचावे. धर्म, वंश, जात यांच्याबरोबरच भाषेच्या कारणाने वैमनस्य वाढेल असे वाटले, तर केबलचालकाला कार्यक्रम दाखवण्यास मनाई करण्याचा अधिकार ते स्थानिक अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तासारख्यांना देते. पुण्यात हा अधिकार त्रयस्थाच्या हाती असल्यासारखा वाटेल. बेळगावात तो ज्यांच्या हाती आहे, ते अधिकारी महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमादाव्यातल्या प्रतिवादी राज्याच्या सेवेत आहेत.