टस्कीगी की डेट्रॉइट?



गेल्या दिवाळीत आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेला वाद तुम्हाला आठवत असेलच. शाळेची जुनी इमारत पाडायचं ठरलं आहे. मग पितळी घंटा, जुने हजेरीपट, ढाली, प्रयोगशाळेतला सांगाडा हे सगळं एकत्र मांडून स्मृतिदालन करायचं ते कुठे? बायपासजवळच्या नव्या इमारतीत, की जुन्या आवारातल्या, पाडायच्या नाहीत अशा त्या दोन दगडी खोल्यांत? मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या 'नवी इमारत' असं लिहून मोकळी झाले. कारणही दिलं, तिथे गाड्या लावायला जागा आहे. संपादक मंडळानं स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ते मत पुन्हा तपासावंसं वाटलं. म्हणून हा लेख. मात्र तो आपल्या शाळेपेक्षा अमेरिकेतल्या अशाच एका प्रश्नाबद्दल जास्त आहे.

टस्कीगी हे नाव आपल्याला नवं नाही. मराठीच्या बाईंनी ऑफ तासाला वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचून दाखवलं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातलं हे छोटंसं गाव. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिथे कृष्णवर्णीयांसाठी संस्था उभी केली आणि विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडून तिच्या इमारती बांधल्या. कार्व्हर १८९६ साली तिथे आले आणि ५ जानेवारी १९४३ रोजी तिथेच वारले. त्यांच्या शेवटच्या दीड वर्षात त्याच गावावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालू लागली होती, हे मात्र मला डेट्रॉइटजवळ राहायला आल्यावर कळलं.

हे वैमानिक म्हणजे 'टस्कीगी एअरमेन', अमेरिकी सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय लष्करी वैमानिक. त्यांच्या आधीचा काळ कसा होता? १९२५ साली अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजनं एक अहवाल तयार केला. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीनं आणि धैर्यानं कमी असतो, असं त्यात शास्त्राच्या थाटात मांडलं होतं. विमान चालवणं तर फारच दूर. १९३९ नंतर युद्धाच्या तयारीसाठी महाविद्यालयांतून नागरी वैमानिक प्रशिक्षण सुरू झालं, त्यात टस्कीगी संस्थेलाही जागा मिळाली आणि तिथल्या मुलांनी परीक्षांत चांगलं यश मिळवलं. जानेवारी १९४१ मध्ये युद्ध खात्यानं कृष्णवर्णीयांची वेगळी तुकडी काढण्याचं जाहीर केलं आणि तिच्यासाठी जागा निवडली टस्कीगीची.

'कुठे?' हा प्रश्न संग्रहालयाच्या आधी, थेट प्रशिक्षणापासूनच सुरू होतो. शिकागोत कॉर्नेलियस कॉफी आणि विला ब्राउन हे दोघं आधीपासून विमानविद्येची शाळा चालवत होते. विला ब्राउन ही अमेरिकेत वैमानिकाचा परवाना मिळवणारी पहिली आफ्रिकन अमेरिकन स्त्री, साल १९३८. प्रशिक्षण शिकागोला द्या, अशी तिथल्या मंडळींची मागणी होती. दुसरीकडे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांतल्या अनेकांचा वेगळ्या तळालाच विरोध होता. एकाच देशाच्या सैन्यात वेगळा तळ म्हणजे भेदभावावर सरकारी शिक्का, असं त्यांचं म्हणणं. युद्धमंत्र्यांचे सल्लागार विल्यम हेस्टी यांनी याच धोरणाच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला.

टस्कीगीच्या बाजूनं हवामान होतं, मोकळी जमीन होती, संस्थेची पुण्याई होती. आणि सरकारच्या सोयीची आणखी एक गोष्ट होती. अलाबामात गोरे आणि काळे वेगळे ठेवण्याची घडी आधीच बसलेली होती. म्हणजे या जागेची निवड हा सन्मानही होता आणि अपमानही. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवलं तरच पुढचं समजतं.

२९ मार्च १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या आणि मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन यांच्या विमानात बसून चक्कर मारून आल्या. काळ्या वैमानिकामागे बसलेल्या त्यांचा फोटो देशभर गेला. त्या रोझेनवाल्ड फंडाच्या विश्वस्त होत्या. या फंडानं १,७५,००० डॉलरचं कर्ज दिलं आणि त्यातून मोटन फील्ड ही धावपट्टी उभी राहिली. प्राथमिक शिक्षण तिथे, पुढचं शिक्षण जवळच्याच मोठ्या लष्करी तळावर. जुलै १९४१ मध्ये तेरा जणांची पहिली तुकडी आली. ७ मार्च १९४२ रोजी त्यांतले पाच जण उत्तीर्ण झाले. त्यांत होते बेंजामिन डेव्हिस ज्युनिअर. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत चार वर्षं त्यांच्याशी कामाखेरीज कुणी बोललं नव्हतं. १९४६ पर्यंत टस्कीगीतून हजाराला थोडे कमी इतके वैमानिक तयार झाले. ते उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत लढले. विमानांच्या लाल शेपट्यांवरून त्यांची ओळख झाली.

आता डेट्रॉइट कुठून आलं?

युद्ध संपल्यावर ही माणसं अलाबामात थांबली नाहीत. बहुतेक जण मुळात तिथले नव्हतेच. कामधंदा उत्तरेच्या शहरांत होता आणि डेट्रॉइट त्यांत पुढे. शिवाय ३३२ व्या फायटर ग्रुपचं युद्धावर जाण्यापूर्वीचं प्रशिक्षण मिशिगन राज्यातच, सेल्फ्रिज आणि ऑस्कोडा इथे झालं होतं. १९७२ साली या वैमानिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती डेट्रॉइटमध्ये. १९७४ पासून वीस वर्षं शहराचे महापौर होते कोलमन यंग. तेही टस्कीगी एअरमेनपैकी एक. एप्रिल १९४५ मध्ये इंडियाना राज्यातल्या फ्रीमन फील्डवर कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना ऑफिसर्स क्लबात मज्जाव झाला. वेगळेपणाच्या नियमावर सही करायला नकार दिला म्हणून १०१ जणांना अटक झाली. त्या लढ्यात यंग होते. १९८० च्या दशकात डेट्रॉइट नदीकाठच्या जुन्या फोर्ट वेनमध्ये या वैमानिकांचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं.

ते उभं करणाऱ्यांत अलेक्झांडर जेफरसन होते. डेट्रॉइटमध्ये जन्मलेले. १२ ऑगस्ट १९४४ रोजी दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते जर्मनांचे युद्धकैदी झाले. कैदेत त्यांना इतर अमेरिकी अधिकाऱ्यांसारखंच वागवलं गेलं. सुटून न्यूयॉर्क बंदरात उतरले, तर जहाजाच्या शिडीपाशी गोऱ्यांनी एका बाजूला आणि काळ्यांनी दुसऱ्या बाजूला जायचं होतं. हा अनुभव ते आयुष्यभर सांगत राहिले. युद्धानंतर ते डेट्रॉइटच्या शाळांत विज्ञान शिकवत होते, उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि २०२२ साली शंभराव्या वर्षी वारले. आपल्या शाळेच्या स्मरणिकेत हे सांगताना मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, की त्यांनी वैमानिकाचं संग्रहालय उभारलं ते शिक्षकाच्या सवयीनं. पोरांना कळलं पाहिजे, एवढंच.

मग टस्कीगीत काय होतं? त्या काळात फारसं काही नाही. मोठ्या तळाचा बहुतेक भाग नाहीसा झाला. मोटन फील्डची इमारत जीर्ण झाली आणि दुसरं हँगर १९८९ साली आगीत गेलं. १९९८ साली अमेरिकी संसदेनं मोटन फील्डला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं, पहिलं हँगर २००८ साली लोकांसाठी उघडलं आणि दुसरं पुन्हा बांधून २०१३ साली. म्हणजे डेट्रॉइटच्या म्हाताऱ्यांनी आठवण जपली नसती, तर सरकारला जाग यायला आणखी किती वर्षं लागली असती कोण जाणे.

या दोघांशिवाय तिसरा दावेदार वॉशिंग्टन. तिथल्या स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात मोटन फील्डवर वापरलेलं एक पिवळं-निळं शिकाऊ विमान छताला टांगलं आहे. २०१६ साली संग्रहालय उघडल्यापासून लाखो लोकांनी ते पाहिलं. टस्कीगीची वस्ती नऊ-साडेनऊ हजार. अटलांटाहून मोटारीनं दोन तास. हिशेब केला तर वॉशिंग्टन जिंकतं.

माझा धंदा हिशेबाचाच आहे. आमच्याकडे माहिती कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर आहे, हे वापरणाऱ्याला कळतही नाही आणि कळायची गरजही नसते. त्यामुळे जागा हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम होता. डेट्रॉइट मला जवळ पडतं, म्हणून डेट्रॉइट बरं. दोन वर्षांपूर्वी अटलांटाला कामासाठी गेले असताना एक शनिवार मोकळा मिळाला आणि मी टस्कीगीला जाऊन आले.

गाडी वर उंचावर लावायची आणि पायी खाली हँगरकडे उतरत जायचं. शेजारच्या धावपट्टीवर आजही लहान विमानं उतरतात. तिथून थोड्या अंतरावर संस्था, कार्व्हरांचं संग्रहालय, विद्यार्थ्यांनी पाडलेल्या विटांच्या भिंती. आणि हे सगळं ज्या मेकन काउंटीत आहे, त्याच काउंटीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर तो कुप्रसिद्ध प्रयोग केला. त्यांतल्या सिफिलिस झालेल्यांना रोगाचं नाव सांगितलं नाही आणि औषध असूनही दिलं नाही. एकच सरकार, एकच काउंटी, एकच काळ. इकडे एका तरुणाच्या हाती विमान देत होतं आणि तिकडे दुसऱ्या शेतमजुराला फसवत होतं. या दोन्ही गोष्टी मी पुस्तकात वाचल्या होत्या, पण वेगवेगळ्या पुस्तकांत. त्या शेजारी शेजारी घडल्या हे मला त्या उतारावर उभं राहिल्यावर लक्षात आलं.

आणखी एक. या वैमानिकांनी संरक्षण दिलेलं एकही बॉम्बफेकी विमान शत्रूला पाडता आलं नाही, ही गोष्ट अनेक वर्षं सांगितली गेली. हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी कागदपत्रं तपासून दाखवलं, की अशी २७ विमानं पडली. त्याच पंधराव्या हवाई दलातल्या इतर फायटर ग्रुपांची सरासरी मात्र ४६ होती. म्हणजे खरा आकडाही अभिमानाचाच आहे. दंतकथा अशी वाढते, कारण कौतुकाच्या भरात कुणी कागद तपासत नाही. ज्या जागी हँगर, धावपट्टी आणि अंतरं मोजता येतात, तिथे खोटं सांगणं थोडं अवघड जातं.

म्हणून माझं उत्तर टस्कीगी. मुख्य संग्रहालय तिथेच हवं, आणि पैसा अपुरा असेल तेव्हा आधी तिथे लागायला हवा. कारण साधं आहे. गणवेश, पत्रं, पदकं हलवता येतात. विमानसुद्धा वॉशिंग्टनला नेता आलं. हँगर आणि धावपट्टी हलवता येत नाही, एकदा गेली की गेली. पण म्हणून डेट्रॉइट बंद करा, असं मी म्हणणार नाही. युद्धानंतर ही माणसं कशी जगली, शिक्षक झाली, महापौर झाली, हा भाग डेट्रॉइटचा आहे. फ्रीमन फील्डची अटक इंडियानात सांगावी. ज्या गावी जे घडलं ते त्या गावानं सांभाळावं.

आता आपल्या घंटेकडे येते. घंटा हलवता येते, हजेरीपट हलवता येतात. त्या दोन दगडी खोल्या हलवता येत नाहीत. तेव्हा माझं 'नवी इमारत' हे मत मी मागे घेते. पार्किंगचं बघू, तालुक्याच्या गावात अजून चालत जाता येतं.

फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. आपल्या बॅचची मी डेट्रॉइटवाली. लांब राहून आठवणी काढणं मला सोपं आहे. दर रविवारी कुलूप उघडून, झाडून, येणाऱ्या पोरांना घंटा वाजवू देणारं माणूस गावातलंच लागेल. मोटन फील्डही नुसतं ऐतिहासिक होतं तोवर पडकंच होतं. तेव्हा गावातल्या मित्रांनो, किल्ली कोण घेणार ते तुम्ही ठरवा. छप्पर, वायरिंग आणि काचेची कपाटं यांच्या खर्चातला माझा वाटा मी मेळाव्याला येईन तेव्हा घेऊन येते. आणि तो सांगाडा पुसायला मला एक दिवस द्या.