सदरलंड : रिकाम्या खोऱ्यांचा परगणा

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या अगदीं उत्तरेस असलेल्या या जुन्या परगण्याचें नांव आहे ‘दक्षिणेकडील मुलूख’! तें ठेविलें नॉर्वेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनीं. त्यांच्या ऑर्कने बेटांवरून तो दक्षिणेसच. २,००० चौरस मैलांहून मोठ्या या मुलखांत आज सुमारें १३,००० माणसें राहतात. जमीन नापीक म्हणून वस्ती विरळ, हें अर्धेंच खरें.

येथील खोऱ्यांतून गेलिक बोलणारीं कुळें गुरें पाळीत, ओट व बटाटे पिकवीत. बहुतेक जमीन एकाच उमराव घराण्याची. १९ व्या शतकाच्या आरंभीं त्यास हिशेब उमगला कीं, चेव्हियट मेंढ्यांसाठीं खोरें दिल्यास खंड कितीतरी अधिक येतो. १८१४ सालीं स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यांतील घरें जाळून माणसें बाहेर काढण्यांत आलीं. काढणारा कारभारी पॅट्रिक सेलर हाच तेथील नवा मेंढपाळ-खंडकरी! १८१६ सालीं त्याजवर खटला झाला. तो निर्दोष सुटला. पंचांत जमीनदारांचाच भरणा होता.

कुळांना किनाऱ्यावर खडकाळ तुकडे मिळाले. गुराख्यांनीं आतां हेरिंग मासे धरावे, अशी योजना. हेल्म्सडेल बंदर कांहीं काळ भरभराटलेंहि. पुष्कळांनीं मात्र कॅनडाची वाट धरली. बेदखलीपासून संरक्षण देणारा कायदा आला १८८६ सालीं. तोंवर खोरीं ओस पडलीं होतीं. रोसल गांवच्या घरांचे दगडी पाये गवतांत अद्याप दिसतात.