सेलेनियमच्या सळईपासून अणूच्या पापुद्र्यापर्यंत

प्रकाश टिपणाऱ्या आजच्या सर्वांत पातळ साधनाची वंशावळ शोधत मागे गेलं, तर आपण कॅमेऱ्याच्या कारखान्यात पोचत नाही. पोचतो समुद्राखालून तारा टाकणाऱ्या माणसांकडे. विलोबी स्मिथ हा इंग्रज विद्युत अभियंता तार समुद्रात उतरत असतानाच तिची तपासणी करण्याची पद्धत बसवत होता. त्या कामाला मोठा आणि स्थिर विद्युतरोध लागे. म्हणून त्याने सेलेनियमच्या बारीक सळया काचेच्या नळ्यांत बंद करून वापरल्या. रोध मोठा मिळाला, पण स्थिर काही राहीना. सळया सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवल्या तेव्हा उलगडा झाला. झाकण लावलं की रोध जागेवर. झाकण काढलं की वाहकता उजेडाच्या मानाने १५ ते १०० टक्क्यांनी वाढे. फेब्रुवारी १८७३ मध्ये ही हकिगत ‘नेचर’मध्ये छापून आली. तार तपासायला आणलेली सळई प्रकाश मोजू लागली होती.

सेलेनियमवर पुढची काही दशकं लोक अक्षरशः तुटून पडले. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी त्याच्या आधारे प्रकाशकिरणावरून आवाज पाठवला. १८८३ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमच्या थरावर सोन्याचा इतका पातळ वर्ख बसवला की त्यातून उजेड आरपार जाई, आणि त्यातून वीज मिळवली. पण सेलेनियमची एक खोड सगळ्यांनाच नडली. उजेड गेला तरी त्याचा परिणाम रेंगाळत राही. तारेवरून छायाचित्रं पाठवणारा जर्मनीचा आर्थर कोर्न याला ही दिरंगाई भरून काढण्यासाठी दुसरा सेलेनियमचा घटक जोडावा लागला होता. या संपूर्ण मागोव्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच खोड. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसरी शाखा कोलकात्यातून निघते. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना म्हणजे शिशाच्या सल्फाइडच्या खनिजावर टेकवलेल्या टोकाने विद्युतलहरी टिपल्या. १९०१ मध्ये त्यांच्या नावाने अमेरिकेत पेटंटचा अर्ज गेला आणि १९०४ मध्ये तो मंजूर झाला. अर्धवाहकावर आधारलेल्या साधनाचं हे अगदी सुरुवातीचं पेटंट, आणि त्याच साधनाला प्रकाशही कळत होता. जर्मनीत १९३० च्या दशकात एडगर कुट्शर यांनी या शिशाच्या सल्फाइडचा अवरक्त किरणांसाठी अभ्यास केला. मग दुसरं महायुद्ध आलं आणि हे संशोधन लष्कराच्या हाती गेलं. विमानाच्या इंजिनाच्या उष्णतेचा माग काढणाऱ्या साइडवाइंडर क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या डोळ्यात याच पदार्थाचा पातळ थर होता.

घरोघरच्या कॅमेऱ्यावर मात्र राज्य केलं सिलिकॉनने. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे पुढे कॅमेऱ्यांत बसलेल्या चिपची, कल्पना मांडली. त्यापुढची कथा सर्वांच्या खिशात आहे. सिलिकॉनच्या दोन मर्यादा मात्र इथे सांगायलाच हव्यात. हिरवा उजेड नीट शोषायला त्याला मायक्रॉनभर तरी जाडी लागते, आणि १.१ मायक्रॉनपेक्षा लांब तरंगलांबीचे किरण त्याला जवळजवळ दिसतच नाहीत.

पातळपणाचा खरा इतिहास चिकटपट्टीचा आहे. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये रॉबर्ट फ्रिंट यांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे स्फटिक सोलत सोलत मोजक्याच रेणुथरांपर्यंत आणले होते. हा पदार्थ तसा यंत्रांच्या ग्रीसमध्ये घालतात तो. त्याचे थर एकमेकांना सैल धरून असल्याने सहज घसरतात, म्हणून तो वंगण म्हणून चालतो आणि म्हणूनच सोलताही येतो. ग्रॅफाइटचंही तसंच. प्रयोगासाठी ग्रॅफाइटचा ताजा पृष्ठभाग हवा असला की लोक त्यावर चिकटपट्टी लावून ओढत आणि पट्टी टाकून देत. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोवोसेलोव यांच्या गटाने टाकलेल्या पट्टीवर काय उरतं ते पाहिलं. २००४ मध्ये त्यांचा ग्राफीनवरचा, म्हणजे ग्रॅफाइटच्या सुट्या थरावरचा, लेख आला, २०१० मध्ये नोबेल मिळालं. मधल्या काळात, २००८ मध्ये, त्याच गटातल्या राहुल नायर यांनी सहकाऱ्यांसह मोजून दाखवलं की कार्बनच्या अणूंचा हा एकच थर त्यावर पडलेल्या प्रकाशाचा २.३ टक्के भाग शोषतो. एका नॅनोमीटरच्या तृतीयांश जाडीच्या पदार्थाने एवढं शोषणं ही थक्क करणारी गोष्ट आहे. पण प्रकाश टिपण्याच्या दृष्टीने पाहिलं, तर ९७ टक्क्यांहून जास्त उजेड वाया गेला.

तरी लोक हटले नाहीत. २००९ मध्ये आयबीएममध्ये फेंगनियान शिया, थॉमस म्युलर, फेडॉन अव्हुरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफीनचा प्रकाशसंवेदक ४० गिगाहर्ट्‌झपर्यंत चालवून दाखवला. वेग अफाट, पण हाती येणारा प्रवाह अगदी क्षीण. मग २०१० मध्ये कळलं की मॉलिब्डेनम डायसल्फाइड एकाच थरावर आणलं की त्याची इलेक्ट्रॉनिक रचनाच बदलते आणि ते प्रकाशाशी जास्त सहजपणे देवाणघेवाण करू लागतं. २०१३ मध्ये लोझानच्या आंद्रास किस यांच्या प्रयोगशाळेने अशा एका थराचा संवेदक केला. दर वॉट प्रकाशामागे त्याने ८८० अँपिअरपर्यंत प्रवाह दिला. साध्या सिलिकॉन डायोडकडून अर्ध्या अँपिअरच्या आसपास मिळतो. आणि लगेच जुनी ओळख पटली. उजेड बंद केल्यावर प्रवाह उतरायला काही सेकंद लागत होते. सेलेनियमची खोड एकशेचाळीस वर्षांनी परत आली होती.

ही खोड योगायोगाने आलेली नाही. प्रकाशाचा एक कण पदार्थात इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा अशी जोडी तयार करतो. त्यातला एक भागीदार एखाद्या दोषाच्या खळग्यात अडकून बसला, तर दुसरा मोकळा राहतो. तो एका टोकाने बाहेर पडला की दुसऱ्या टोकाने तसाच नवा आत येतो, कारण अडकलेला प्रभार त्याला बोलावत असतो. बैल चालतोय तोवर रहाटाच्या पोहऱ्यांनी पाणी येत राहावं, तसा जोडीदार अडकलेला आहे तोवर प्रवाह येत राहतो. एका प्रकाशकणामागे हजारो इलेक्ट्रॉन मोजले जातात ते यामुळे. म्हणजे पातळ पदार्थाची विलक्षण संवेदनशीलता आणि त्याचं रेंगाळणं ही एकाच कारणाची दोन फळं आहेत. एक हवं असेल तर दुसऱ्याशी जुळवून घ्यावंच लागतं. २०१२ पासूनचे चांगले शोध हे जुळवून घेण्याचेच वेगवेगळे मार्ग आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

पहिला मार्ग बार्सिलोनाजवळच्या आयसीएफओ संस्थेतला. तिथे गेरासिमोस कॉन्स्टन्टाटोस, फ्रँक कॉपेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ग्राफीनवर शिशाच्या सल्फाइडचे नॅनोकण पसरले. उजेड शोषायचा कणांनी, प्रवाह वाहायचा ग्राफीनने. एका प्रकाशकणामागे दहा कोटींच्या आसपास प्रभार मोजले गेले, आणि रेंगाळलेला प्रवाह विजेच्या छोट्या झटक्याने पुसता येत होता. ज्या संयुगापासून बोस यांनी आपलं साधन केलं, तेच संयुग इथे अणूच्या पापुद्र्यावर येऊन बसलं, याचा मला फार आनंद वाटतो. २०१७ मध्ये त्याच गटाने ३८८ गुणिले २८८ बिंदूंचा संवेदक सिलिकॉनच्या चिपवर चढवला आणि ३०० ते २००० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपला. सिलिकॉन जिथे आंधळा होतो, त्याच्या बराच पुढचा हा पल्ला आहे.

दुसरा मार्ग बेंगळुरूचा, आणि माझ्या मते सर्वांत धीट. भारतीय विज्ञान संस्थेत अरिंदम घोष यांच्या गटाने ग्राफीन आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड एकमेकांवर ठेवून जे २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यात रेंगाळणं हा दोष उरलाच नाही. उजेडाने लिहायचं, विजेने पुसायचं, आणि मधल्या वेळात लिहिलेलं तसंच टिकतं. प्रकाश टिपणारी वस्तूच प्रकाश लक्षात ठेवू लागली. कोर्नने ज्या खोडीवर जादा यंत्र लादलं होतं, तिलाच इथे कामाला लावलं.

आयबीएममधून व्हिएन्नाला गेलेल्या म्युलर यांनी २०२० मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. टंगस्टन डायसेलेनाइडच्या २७ संवेदकांच्या छोट्याशा जाळ्यात प्रत्येकाची संवेदनशीलता विजेच्या दाबाने कमी-जास्त करता येत होती, अगदी उलट दिशेलाही नेता येत होती. त्यामुळे तेच जाळं प्रशिक्षित होऊ शकलं. समोर धरलेलं अक्षर कोणतं, ते चित्र संगणकाकडे न पाठवता जाळ्यानेच नॅनोसेकंदांच्या हिशोबात ओळखलं. यातल्या सेलेनाइडमध्ये सेलेनियम आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता अडलं आहे ते सोलण्यापाशी. चिकटपट्टीने निघालेला कपचा काही मायक्रॉनचा असतो, आणि प्रत्येक कपचा वेगळा. कॅमेऱ्याला हजारो एकसारखे बिंदू लागतात. म्हणून आता हे थर वाफेतून नीलमण्याच्या चकतीवर वाढवतात आणि मग उचलून चिपवर ठेवतात. पेन स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने २०२२ मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकाच थराचे ९०० बिंदू असलेला संवेदक असा तयार केला. थर उचलताना पडणाऱ्या सुरकुत्या, त्याला चिकटून येणारी घाण आणि प्रकाश नसतानाही वाहणारा प्रवाह यांच्याशी सध्या झगडा चालू आहे, आणि त्यातला शेवटचा झगडा स्मिथच्या पेटीइतकाच जुना आहे.