जिन्याचा कठडा आणि राखणारे हात



आमच्या गटाची महिन्याची बैठक वाई तालुक्यातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरते. गेल्या पावसाळ्यात हप्त्यांचा हिशेब चालू होता, आणि एकीची दीड वर्षाची नात खेळत खेळत जिन्याच्या कठड्यापाशी गेली. दोन गजांच्या मधून तिचे पाय बाहेर गेले, पोट गेलं आणि डोकं आत अडकलं. एका काकूंनी धावत जाऊन तिला काखेत धरलं, दुसरीनं जिन्यावरून पाय उचलून धरले, म्हणून निभावलं. त्या दिवशी कर्जवाटप बाजूलाच राहिलं.

वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "चार पिढ्यांची पोरं या कठड्याशी खेळली. असं कधी झालं नाही." तेव्हापासून आम्ही विचार करतोय. कठडा तोच आहे, मग बदललं काय?

जुन्या वाड्यांमध्ये जिना सहसा नजरेला पडत नसे. जाड भिंतीच्या पोटातच तो बांधलेला असे. अरुंद, उभा आणि काळोखा. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून वर जाणार. चोर-दरोडेखोरांच्या भीतीनं केलेली ती सोय. धरायला वरून दोर सोडलेला, आणि जिन्याच्या तोंडावर लाकडी झडप. झडप पाडली की माडी बंद. ती काही लेकरांसाठी केलेली नव्हती, पण लेकरांना तिचा आधार झाला. दोन्ही बाजूंना भिंत असल्यावर जिन्याला कठडा लागतच नाही. कठडा असे तो चौकाकडे उघडणाऱ्या सज्जाला. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथं जुनं लाकूडकाम अजून पाहायला मिळतं.

पुढं इंग्रजी अंमल आला. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. ब्रह्मदेशाचं सागवान मुंबई बंदरात उतरू लागलं. घरं मोकळी, हवेशीर बांधायची रीत आली. जिना भिंतीतून बाहेर पडला आणि त्याला कठडा आला. कातारी लाकूड कातून त्याचे गज करत. ज्या कातकामातून पाळणे आणि पांगुळगाडे होत, त्यातूनच हे गजही होत. पण दोन गजांत अंतर किती ठेवायचं, ते सुताराची नजर आणि लाकडाचा हिशेब ठरवी. लेकराचं माप कुणी घेतलं नव्हतं.

मग लेकरं राखत कोण होतं? आजी, आत्या, जावा. आणि सगळ्यात जास्त, आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यानंतर कितीतरी पिढ्या गावोगावच्या मुली शाळेपर्यंत पोचल्या नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ही अडचण ओळखली. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, आणि पुढं कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटं पाळणाघरात ठेवायचं आणि थोरलीनं शिकायचं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावागावांत आली.

हे सगळं आम्ही आजींना सांगत होतो. त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझी शाळा तिसरीतून सुटली. माहेरी धाकट्या दोघांना मीच सांभाळलं."

आम्हाला उत्तर मिळालं. लेकरं कठड्यानं राखली नव्हती. बायकांनी आणि मुलींनी राखली होती, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत नाही. आज घरात माणसं कमी आहेत. आम्ही शेतावर, बैठकीला, बँकेत जातो. थोरली शाळेत जाते, आणि तिनं जायलाच हवं. म्हणून ते राखण्याचं काम थोडं तरी जिन्याकडून करून घ्यायला हवं.

कठडा मोडायचा नाही, असं आजींचं म्हणणं होतं. मोडलाही नाही. आधी एकेक गज हलवून पाहिला. दोन सैल निघाले, एकाला वाळवी होती. ते सुताराकडून नीट करून घेतले. मग अंतर मोजलं. बाहेरच्या देशांत इमारतींचा नियम असा आहे, की दहा सेंटिमीटरचा गोळा गजांमधून जाता कामा नये. आम्ही तेवढ्या रुंदीचा डबा घेतला. तो आरपार गेला. मग बारीक विणीची मजबूत नायलॉनची जाळी माडीच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत ताणून बांधली. दोरीची टोकं लोंबती ठेवली नाहीत. साडी बांधू नका, ती सैल पडते. कठड्याजवळची पेटी आणि स्टूल हलवलं, नाहीतर लेकरू त्यावर चढतं.

जिन्याच्या वरच्या तोंडाला लाकडी फाटक बसवलं. जुन्या खांबाला भोक न पाडता त्याला जाड फळी पट्ट्यांनी घट्ट आवळली आणि फाटकाच्या बिजागऱ्या त्या फळीला स्क्रूनं बसवल्या. फाटक माडीच्या बाजूला उघडतं, जिन्याकडे नाही. नुसतं दाबून बसवायचं फाटक वरच्या तोंडाला चालत नाही, लेकरू रेललं की ते सुटतं. जुना तेलरंगही आम्ही खरवडला नाही. त्यात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लेकरांच्या पोटात जाते.

तरी लेकरावर नजर लागतेच. आता बैठकीत दर वेळी एकीकडे ते काम असतं, आणि त्या दिवशी हिशेब दुसरी लिहिते. कुणाची पाळी आहे, ते आम्ही इतिवृत्ताच्या वहीत नावानिशी मांडतो. तुमची बैठक माडीवर भरत असेल, तर पुढच्या वेळी दहा सेंटिमीटरचा डबा घेऊन जा.