आवाजावरून दहशतवादी ओळखता येतो का? २६/११ च्या फोन कॉल्सची गोष्ट

मुंबईच्या लोकलमध्ये कुणी फोनवर "काय करालायस?" म्हणालं, की गडी कोल्हापूरकडचा आहे हे चेहरा न बघताही कळतं. २६/११ च्या तपासातही असाच एक शब्द महत्त्वाचा ठरला.

२००८ मध्ये मुंबईवर हल्ला सुरू असताना दहशतवाद्यांना पाकिस्तानातून फोनवर सूचना मिळत होत्या. तपास यंत्रणांनी हे कॉल रेकॉर्ड केले. सूचना देणाऱ्या एकाच्या तोंडी 'प्रशासन' हा शब्द आला. पाकिस्तानात त्यासाठी सहसा 'इंतजामिया' म्हणतात. त्यामुळे बोलणारा भारतीय असावा, असा संशय आला. जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून आणलेल्या जबीउद्दीन अन्सारी उर्फ अबू जुंदालला अटक झाली. तो मूळचा बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. कॉलवरचा आवाज त्याचाच, असा यंत्रणांचा आरोप आहे.

पण एका शब्दावरून फक्त दिशा मिळते. कोर्टात पुरावा लागतो.

तपासणी कशी होते?

रेकॉर्डिंगमधले काही शब्द असलेला मजकूर संशयिताकडून बोलून घेतला जातो. तज्ज्ञ दोन्ही आवाज ऐकून उच्चार, लकब, बोलण्याचा वेग तपासतात. सोबत आवाजाचा आलेख काढून कंपनांची तुलना होते.

नमुना द्यायला नकार दिला तर?

२ ऑगस्ट २०१९ ला रितेश सिन्हा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मॅजिस्ट्रेट आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा त्यानं भंग होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आता ही तरतूदच आहे.

हा कायदा सीमेपलीकडे मात्र चालत नाही. लखवीसारख्या आरोपींच्या आवाजाचे नमुने भारताने वारंवार मागितले. जुलै २०१५ मध्ये उफा इथल्या भारत-पाकिस्तान संयुक्त निवेदनातही त्यांचा उल्लेख होता. तुलनेसाठी दुसरा आवाजच नसेल, तर रेकॉर्डिंग कितीही स्पष्ट असलं तरी तपासणी पुढे सरकत नाही.

आवाज जुळला म्हणजे गुन्हा सिद्ध?

नाही. आवाज बोटांच्या ठशासारखा कायम एकसारखा नसतो. सर्दी, घाबरणं, गोंगाट, खराब नेटवर्क यांनी तो बदलतो. त्यात आता एआय कुणाचाही हुबेहूब आवाज काढतं. म्हणून तज्ज्ञांच्या अहवालाला कॉल रेकॉर्ड, लोकेशन, साक्षीदार यांची जोड लागते. नुसत्या आवाजावर विसंबलं, तर खरा आरोपी सुटू शकतो आणि निर्दोष माणूस आत जाऊ शकतो.