नाव मुंबईचं, शोध कुणाचा?

अंबाडी नाक्यावर वाढदिवसाचे बॅनर बारा महिने असतात. दहावी-बारावीच्या गुणवंतांचेही लागतात, चांगलंच आहे. पण वैद्यकीय संशोधन करणाऱ्याचा बॅनर कधी पाहिलाय?

'बॉम्बे' नावाचा रक्तगट ऐकला असेल. १९५२ साली परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे, म्हणजे आपल्या केईएमचे, डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया यांनी तो शोधला. लंडनच्या तज्ज्ञांसोबतचा त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

या लोकांच्या रक्तपेशींवर 'एच' हा घटकच नसतो. साध्या तपासणीत गट 'ओ' दिसतो, पण 'ओ'चं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात असा माणूस साधारण १०,००० मध्ये एक. म्हणजे आपल्या तालुक्यातही असणारच.

तेव्हापासून किती जीव वाचले असतील! शहराचं नाव जगभर झालं, भेंड्यांचं आपल्याला माहीतही नाही.

आता आपल्याकडची पोरंही एमबीबीएसला जातात. सत्कार जरूर करा. पण मार्कांसोबत एवढं विचारा, 'बाळा, शोध कशाचा घेणार?'