प्रॉक्सी प्रत आणि उभी चौकट : दृश्यसंकलनाच्या सॉफ्टवेअरमधील नव्या सुविधांचा परिचय

दृश्यसंकलनासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या काही वर्षांत दोन महत्त्वाच्या सुविधा रुळल्या आहेत. मूळ चित्रणाची हलकी प्रत तयार करून तिच्यावर संकलन करणे ही पहिली सुविधा असून अशा प्रतीला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. एकाच आडव्या चित्रफितीपासून समाजमाध्यमांसाठी उभी किंवा चौरस आवृत्ती काढणे ही दुसरी सुविधा होय. वृत्तवाहिन्यांपासून विवाहसमारंभांचे चित्रण करणाऱ्या लहान व्यावसायिकांपर्यंत अनेक जण त्यांचा वापर करतात. कोलकात्यात दुर्गापूजेच्या मोजक्या दिवसांत फार मोठ्या प्रमाणावर चित्रण होते आणि ते त्याच दिवशी लोकांपर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे या सुविधांचे फायदे तेथे जसे ठळकपणे दिसतात, तशाच त्यांच्या मर्यादाही दिसतात. काम करण्याची प्रत कोणती आणि जपून ठेवण्याची प्रत कोणती, हा भेद या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा आहे.

प्रॉक्सी म्हणजे काय?

आधुनिक कॅमेरे ३८४० बाय २१६० बिंदूंचे, म्हणजे सर्वसाधारण भाषेत ‘फोर के’ दर्जाचे चित्रण करतात. भारतात प्रचलित असलेल्या प्रतिसेकंद २५ चौकटींच्या गतीने असे चित्रण ‘प्रोरेस ४२२ एचक्यू’ या स्वरूपात साठविल्यास प्रतिसेकंद सुमारे ७३७ मेगाबिट माहिती निर्माण होते. एका तासाच्या चित्रणाला त्यामुळे सुमारे ३३० गिगाबाइट जागा लागते. त्याच चित्रणाची १९२० बाय १०८० बिंदूंची ‘प्रोरेस प्रॉक्सी’ प्रत काढली, तर प्रतिसेकंद सुमारे ३८ मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण १७ गिगाबाइट जागा पुरते. प्रॉक्सी प्रत या हिशेबाने मुळापेक्षा सुमारे १९ पट हलकी ठरते.

संकलक या हलक्या प्रतीवर दृश्ये निवडतो, कापतो आणि जोडतो. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक प्रॉक्सी कोणत्या मूळ फाइलची आहे याची नोंद ठेवते. काम पूर्ण झाल्यावर संकलनातील सर्व निर्णय मूळ चित्रणाला लागू होतात आणि अंतिम चित्रफीत पूर्ण दर्जाची तयार होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रॉक्सीचा उद्देश केवळ जागा वाचविणे हा नसतो. भ्रमणध्वनी आणि लहान कॅमेरे ‘एच.२६४’ किंवा ‘एचईव्हीसी’ या पद्धतींनी चित्रण साठवितात व त्यांच्या फाइली मुळातच आटोपशीर असतात. मात्र या पद्धतींत बहुधा काही मोजक्याच चौकटी पूर्ण साठविल्या जातात आणि बाकीच्या चौकटींत केवळ आधीच्या किंवा पुढच्या चौकटींपेक्षा काय बदलले, एवढीच माहिती असते. संकलकाने टाइमलाइनवर मागेपुढे जाताच संगणकाला प्रत्येक चौकट नव्याने जुळवावी लागते आणि चित्र अडखळू लागते. प्रोरेस प्रॉक्सीमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र असल्याने हा भार उरत नाही. कधी कधी प्रॉक्सी फाइल आकाराने मूळ फाइलीएवढीच भरते, तरीही काम सुरळीत होते, ते याच कारणाने.

जुनी पद्धत, नवे साधन

प्रॉक्सीची कल्पना संगणकाच्या आधीपासूनची आहे. फिल्मच्या काळात कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ निगेटिव्हला संकलनाच्या टेबलावर आणले जात नसे. प्रयोगशाळेत तिच्यापासून रश प्रिंट काढण्यात येई आणि संकलक मुव्हिओला किंवा स्टीनबेक यंत्रावर त्या प्रिंटची काटछाट करीत असे. फिल्मच्या कडेला छापलेल्या क्रमांकांच्या आधारे त्यानंतर मूळ निगेटिव्ह एकदाच, शेवटी कापली जाई. रश प्रिंटवर ओरखडे आले तरी चालत. निगेटिव्हवर एकही चुकीचा काप चालत नसे.

सत्यजित राय यांच्या १९५५ साली प्रदर्शित झालेल्या ‘पथेर पांचाली’चे संकलन दुलाल दत्त यांनी केले, ते याच युगात. कोलकाता दूरदर्शन केंद्र ९ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले आणि १९९५ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने या शहरात सत्यजित राय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेची स्थापना केली. पुण्यातील १९६० च्या संस्थेप्रमाणेच येथेही संकलन ही स्वतंत्र विद्याशाखा आहे.

संगणकावरील संकलनाचा प्रारंभही एका अर्थी प्रॉक्सीनेच झाला. १९८९ मध्ये ॲव्हिड कंपनीची प्रणाली बाजारात आली, तेव्हा संगणकांची साठवणक्षमता अगदी मर्यादित होती. त्यामुळे कमी दर्जाच्या चित्रावर निर्णय घेऊन त्यांची यादी तयार करावी लागे आणि त्या यादीनुसार मूळ टेपवरून अंतिम कार्यक्रम बांधण्यात येई. फिल्मच्या कडेवरील क्रमांकांची जागा तेथे टाइमकोडने घेतली. माध्यम बदलले, पण मूळ प्रत आणि कामाची प्रत यांना जोडणारा धागा कायम राहिला.

सॉफ्टवेअरमधील टप्पे

ॲपलच्या ‘फायनल कट प्रो टेन’मध्ये जून २०११ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच प्रॉक्सी तयार करण्याची सोय होती. ॲडोबीच्या ‘प्रीमियर प्रो’मध्ये ती जून २०१६ मध्ये आली. प्रकल्पात चित्रण आणतानाच पार्श्वभूमीवर प्रॉक्सी तयार होऊ लागल्या आणि एका बटणाने मूळ व प्रॉक्सी यांची अदलाबदल करता येऊ लागली. ऑगस्ट २०२० मधील फायनल कटच्या १०.४.९ या आवृत्तीने मूळ आकाराच्या १२.५ टक्क्यांपर्यंत लहान प्रॉक्सी काढण्याची आणि केवळ प्रॉक्सी असलेला प्रकल्प दुसऱ्याकडे पाठविण्याची मुभा दिली. ब्लॅकमॅजिक डिझाइनच्या ‘दाविंची रिझॉल्व्ह १८’ सोबत २०२२ मध्ये प्रॉक्सी तयार करणारे स्वतंत्र साधन आले. ठरवून दिलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल येताच ते तिची प्रॉक्सी आपोआप बनविते. रिझॉल्व्हची एक आवृत्ती विनामूल्य आहे, तर ‘केडेनलाइव्ह’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही प्रॉक्सीची सोय आहे. महागडा संगणक घेण्याची ऐपत नसलेल्या व्यावसायिकांना त्यामुळे उच्च दर्जाचे काम स्वीकारता येते.

अंतराच्या दृष्टीनेही ही पद्धत उपयुक्त आहे. चित्रण कोलकात्यात आणि संकलन मुंबईत होणार असेल, तर प्रतिसेकंद ५० मेगाबिट गतीच्या जोडणीवरून एका तासाची १७ गिगाबाइटची प्रॉक्सी पाठविण्यास पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. वर सांगितलेल्या दर्जाचे मूळ चित्रण पाठविण्यास त्याच जोडणीवर १४ तासांहून अधिक वेळ लागेल. मूळ चित्रण असलेल्या डिस्क मागाहून पोहोचल्या तरी दरम्यानच्या काळात संकलन सुरू झालेले असते.

उभ्या चौकटीचा प्रश्न

केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्यानंतर लगेच, जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामची ‘रील्स’ ही सुविधा भारतात आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ची चाचणी भारतातच सुरू केली. या ठिकाणी चित्रफीत प्रामुख्याने ९:१६ प्रमाणाच्या उभ्या चौकटीत पाहिली जाते. दूरचित्रवाणीसाठीचे चित्रण मात्र १६:९ प्रमाणाच्या आडव्या चौकटीत केलेले असते.

या गरजेतून स्वयंचलित पुनर्चौकटीची सुविधा विकसित झाली. प्रीमियर प्रोमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘ऑटो रीफ्रेम’, तर फायनल कटमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये ‘स्मार्ट कन्फॉर्म’ दाखल झाले. रिझॉल्व्हमधील ‘स्मार्ट रीफ्रेम’ ही सुविधा सशुल्क आवृत्तीत मिळते. दृश्यातील मुख्य व्यक्ती किंवा हालचाल ओळखून चौकट तिच्यामागे सरकविणे हे या साऱ्यांचे कार्य होय.

आडव्या चौकटीतून पूर्ण उंचीची उभी पट्टी कापली, तर मूळ चित्राचा केवळ ३१.६ टक्के भाग उरतो. चौरस चौकटीत सुमारे ५६ टक्के भाग राहतो. मूळ चित्रण १९२० बाय १०८० बिंदूंचे असल्यास उभ्या पट्टीची रुंदी जेमतेम ६०७ बिंदू भरते आणि चित्र ताणून मोठे करावे लागल्याने त्याची स्पष्टता घटते. फोर के चित्रणातून मात्र १२१५ बाय २१६० बिंदूंची पट्टी मिळते व ती १०८० बाय १९२० च्या उभ्या चित्रासाठी पुरेशी असते. अंतिम फाइल मूळ चित्रणापासूनच तयार करणे उभ्या आवृत्तीत अधिकच आवश्यक असते, ते यामुळे.

चौकटीबाहेर राहणारी देवता

युनेस्कोने डिसेंबर २०२१ मध्ये ‘कोलकात्यातील दुर्गापूजा’ मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केली. बंगालच्या परंपरेत दुर्गा एकटी येत नाही. मध्यभागी महिषासुराचा वध करणारी देवी, एका बाजूस लक्ष्मी व गणेश आणि दुसऱ्या बाजूस सरस्वती व कार्तिक असा परिवार असतो. हा सारा परिवार एकाच कमानीखाली साकारल्यास त्या मूर्तीला ‘एकचाला’ म्हणतात. मुलाबाळांसह माहेरी आलेली लेक, हा या पूजेमागील लोकभाव आहे.

अशा मूर्तीचे आडवे चित्र सॉफ्टवेअरच्या स्वाधीन केल्यास ते मधली दुर्गा निवडण्याचा आणि चारही अपत्ये चौकटीबाहेर पडण्याचा संभव असतो. तांत्रिकदृष्ट्या चित्र निर्दोष दिसेल; परंतु मूर्तीचा अर्थ अपुरा राहील. ढाक वाजविणारे वादक आणि हाती धुनुची घेऊन नाचणारे भाविक एकाच दृश्यात असतील, तर चौकट कोणामागे न्यावी हा निर्णयही यंत्रावर सोडता येत नाही.

यावर तीन उपाय संभवतात. चित्रण करतानाच उभ्या चौकटीसाठी वेगळी दृश्ये घेणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. आडवेच चित्र उपलब्ध असल्यास चौकट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत संथपणे फिरवून परिवारातील प्रत्येकाचे दर्शन घडविता येते. तेही शक्य नसेल, तर पूर्ण आडवे चित्र उभ्या चौकटीच्या मध्यभागी ठेवून वर व खाली जागा सोडणे योग्य ठरते. उभ्या चौकटीच्या तळाशी समाजमाध्यमांची बटणे व मजकूर येत असल्याने नावपट्ट्या त्या भागात ठेवू नयेत.

घ्यावयाची दक्षता

प्रॉक्सी तयार करताना तिचे नाव, टाइमकोड, प्रतिसेकंद चौकटींची संख्या आणि ध्वनीच्या वाहिन्यांची संख्या मूळ फाइलीप्रमाणेच ठेवावी. यांपैकी काही बदलल्यास मूळ चित्रणाशी जुळवणी करताना अडचणी येतात. चित्र अचूक फोकसमध्ये आहे की नाही याची पारख प्रॉक्सीवर करू नये. रंगसंस्करणही मूळ चित्रण जोडूनच करावे.

अंतिम फाइल तयार करण्यापूर्वी सॉफ्टवेअर कोणती प्रत वापरणार आहे हे तपासणे अत्यावश्यक आहे. प्रीमियर प्रो सर्वसाधारणपणे मूळ चित्रण वापरते व प्रॉक्सी वापरावयाची असल्यास तसे मुद्दाम सांगावे लागते. फायनल कटमध्ये मात्र पाहण्यासाठी प्रॉक्सीचा पर्याय निवडलेला असल्यास अंतिम फाइलही प्रॉक्सीपासूनच बनते. सॉफ्टवेअर तशी सूचना देते. पण घाईच्या वेळी तिच्याकडे दुर्लक्ष होऊ शकते.

प्रॉक्सी ही राखीव प्रत नव्हे

डिस्क भरू लागली की मूळ चित्रण पुसून केवळ प्रॉक्सी आणि समाजमाध्यमांवरील आवृत्ती ठेवण्याचा मोह होतो. त्यातील धोका समजून घेण्यासाठी कोलकात्याच्याच चित्रपटांचे उदाहरण पुरेसे आहे. जुलै १९९३ मध्ये लंडनमधील हेंडरसन फिल्म लॅबोरेटरीजला आग लागली आणि तेथे असलेल्या सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ व ‘अपूर संसार’ या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. त्यांचे अवशेष अमेरिकेतील अकॅडमी फिल्म आर्काइव्हने जपून ठेवले. अनेक वर्षांनंतर इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत त्यांवर अत्यंत कष्टाने उपचार करण्यात आले आणि क्रायटेरियन कलेक्शनने २०१५ मध्ये हे चित्रपट फोर के दर्जात पुन्हा उपलब्ध केले. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हपासून परत मिळविता आला. उर्वरित भागांसाठी आणि संपूर्ण ‘अपूर संसार’साठी ड्युप्लिकेट निगेटिव्ह व फाइन ग्रेन मास्टर अशा अन्यत्र जपलेल्या उच्च दर्जाच्या प्रतींचा आधार घ्यावा लागला.

आगीत होरपळलेल्या मूळ प्रतीतूनही चित्रपटाचा मोठा भाग सावरता आला आणि जे सावरता आले नाही, ते जतन करण्यासाठीच काढलेल्या प्रतींनी वाचविले. प्रॉक्सीत वगळलेला तपशील मात्र नंतर कोणत्याही उपायाने परत येत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यासाठी कापलेल्या उभ्या पट्टीतून उरलेले ६८ टक्के चित्रही परत मिळत नाही. म्हणून प्रकल्प संपल्यावर जागा मोकळी करावयाची असेल, तर प्रॉक्सी पुसाव्यात. त्या पुन्हा केव्हाही बनविता येतात. मूळ चित्रणाच्या किमान दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.